मधल्या चौरसातली मुलगी

खो-खो बाहेरून पाहणाऱ्याला धावण्याचा खेळ वाटतो. मैदानात उतरलेल्यांना मात्र त्यातले बसणे अधिक आठवते. आक्रमणाच्या पाळीत नऊपैकी आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौरसांत, एकीचे तोंड पूर्वेला तर दुसरीचे पश्चिमेला, अशा बसलेल्या असतात आणि धावत असते ती एकटी नववी. बसलेलीला आपल्या पाठीमागे काय चालले आहे ते दिसत नाही, पावलांच्या आवाजावरून आणि समोरच्या पळणाऱ्या मुलीच्या नजरेवरून तिला ते ओळखावे लागते. पाठीवर हात आणि कानावर ‘खो’ एकाच वेळी पडल्याशिवाय तिने उठायचे नाही. उठली की ज्या बाजूला तोंड आहे त्याच बाजूला जायचे, आणि एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याखेरीज मागे फिरायचे नाही. उठण्याची वेळ तिच्या हातात नसते. या एका नियमामुळे लाजऱ्या, मागे राहणाऱ्या मुलांना हा खेळ कधी अतिशय सोयीचा वाटतो, तर कधी अतिशय भीतिदायक. गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या मुलींना संध्याकाळी खो-खो शिकवते आहे. या दोन्ही गोष्टी एकाच मुलीत आणि एकाच सामन्यात मला पाहायला मिळाल्या, त्या सामन्याविषयी हे लिहिते आहे.

बडोद्यात खो-खोविषयी बोलायचे म्हणजे मागचे थोडे सांगावेच लागते. इथल्या जिमखान्याने 1924 मध्ये या खेळाचे नियम छापून प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी, 1923 मध्ये, इथल्याच हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे सुधारलेले नियम काढून त्यांवर अखिल भारतीय स्पर्धा भरवली होती. सयाजीराव महाराजांच्या काळात व्यायामाला मिळालेला मान, दांडिया बाजाराच्या परिसरातले जुम्मादादांचे व्यायाम मंदिर आणि तिथे राजरत्न माणिकरावांनी घडवलेल्या पिढ्या यांच्या आठवणी इथल्या मराठी घरांत अजून ताज्या आहेत. खो-खोसाठी पहिला अर्जुन पुरस्कार 1970 मध्ये गुजरातच्या सुधीर परब यांना मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो गुजरातच्याच अचला देवरे यांना मिळाला. पुढे 1973 मध्ये भावना परीख आणि 1983 मध्ये वीणा परब ही गुजरातची नावे त्या यादीत आली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजवणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या बायका पुढे होत्या. या वारशाचा मला अभिमान आहे. पण असा वारसा घरात असला की त्याचे ओझे घरातल्या सर्वांत धाकट्या पोरीच्या पाठीवर येते, हेही मी जवळून पाहिले आहे.

ही मुलगी अशाच घरातली. तिची आजी तरुणपणी खेळलेली, आत्या शाळेच्या संघाची कर्णधार होती, आणि थोरली बहीण आमच्याकडे खांबाजवळच्या चौरसात बसते व सूर मारण्यात कोणाला ऐकत नाही. धाकटी बारा वर्षांची, पायाने बहिणीपेक्षाही चपळ, पण मैदानात उतरायला तयार नाही. “आमच्या घरात खो-खो रक्तातच आहे,” असे आजीने पाहुण्यांसमोर म्हटले की ती हळूच उठून आत जाई. बहिणीबरोबर रोज मैदानावर यायची, कडेच्या कट्ट्यावर बसायची आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची.

ती मुळात बुजरी आहे, असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. मला ते पटत नव्हते, कारण मी तिला नवरात्रात गरबा खेळताना पाहिले होते. बडोद्याचा गरबा म्हणजे एका चौकात हजारो माणसे, आणि त्या गर्दीत ही मुलगी घागरा सावरत मध्यरात्रीपर्यंत वर्तुळामागून वर्तुळ फिरत होती. चेहऱ्यावर संकोचाचा लवलेश नव्हता. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आले की गरब्यात सगळेच फिरत असतात, त्यामुळे कोणी कुणा एकीलाच पाहत नाही. खो-खोत पळतीला, म्हणजे बचावाच्या पाळीत, एका वेळी तीन जणी उतरतात, त्यांतल्या दोघी बाद झाल्या की उरलेली एकटीच सगळ्या मैदानाच्या नजरेसमोर असते. ती बाद झाली तर ते सर्वांना दिसते, आणि कोणी ‘अगं, अशी कशी वळलीस!’ म्हणून ओरडले तर तेही सर्वांना ऐकू जाते. तिला माणसांचे भय नव्हते. एकटीवर रोखलेल्या डोळ्यांचे होते. या दोहोंत फार अंतर आहे आणि मुलांना मैदानावर आणणाऱ्या मोठ्या माणसांनी ते ओळखलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हाताला धरून पुढे ढकललेले मूल एखादे वेळी खेळून जाते, पण पुढच्या आठवड्यात त्याचे पोट दुखू लागते.

म्हणून मी तिला ‘खेळ’ असे कधी म्हटले नाही. तिच्या हातात गुणपत्रिका दिली आणि स्टॉपवॉच दिले. खो-खोची गुणपत्रिका हे नीट भरायचे तर कठीण काम आहे: कोणत्या क्रमांकाची पळणारी किती मिनिटे आणि किती सेकंद टिकली, तिला कोणी बाद केले, साध्या स्पर्शाने की सूर मारून की खांबावर, हे सगळे खेळ न थांबता टिपावे लागते. तिने पहिल्या आठवड्यातच ते आत्मसात केले आणि नंतर छापील रकान्यांच्या बाहेर स्वतःच्या खुणा करू लागली. अमुक मुलगी खांबाला वळसा घालताना नेहमी मागे वळून पाहते. तमुक मुलगी साखळी खेळताना, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळताना, तिसऱ्या फेरीला दमते आणि मग दोन चौरस सोडून आत शिरते. तिची वही मी रात्री घरी नेऊन वाचत असे. खेळाडूंकडे इतक्या बारकाईने पाहणारी मुलगी खेळापासून दूर आहे, असे कोण म्हणेल?

आता सामन्याकडे येते. रावपुऱ्याच्या मागच्या अंगाला आमचे लहानसे मैदान आहे आणि त्यात खो-खोचे एकच अंगण आहे. खो-खोची माती सहज मिळत नाही. ती फावड्याने उकरून भुसभुशीत करावी लागते, खडे वेचावे लागतात, उन्हाळ्यात बडोद्याचा पारा 40 च्या वर गेला की दुपारी पाणी मारून संध्याकाळपर्यंत ती ओलसर राहील असे पाहावे लागते, नाहीतर सूर मारणाऱ्या मुलींचे कोपर आणि गुडघे सोलून निघतात. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, पण गल्लीतल्या मुलींना मातीच आहे. गेल्या उन्हाळ्यात वाडी भागातल्या मुलींचा एक गट त्याच अंगणावर यायला लागला, कारण त्यांच्याकडची मोकळी जागा बांधकामात गेली होती. त्यांनाही संध्याकाळच हवी होती, आम्हालाही संध्याकाळच. आमच्या बहुतेक मुलींची शाळा सकाळची. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहाटेची वेळ पदरी पडली असती तर आमचा गट मोडल्यातच जमा होता. त्यांची अडचणही खोटी नव्हती. दोन-तीन बैठका झाल्या, आवाज चढले, आणि अखेर मैदानाची व्यवस्था पाहणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांनी तोड काढली: एक सामना खेळा. जिंकेल त्यांची संध्याकाळ, हरतील त्यांची पहाट. बरोबरी झाली तर एक दिवसाआड वाटून घ्या.

मुलींच्या खेळावर मैदानाची वाटणी ठरवू नये, असे माझे म्हणणे होते आणि आजही आहे. मोठ्यांनी बसून सोडवायचा प्रश्न आम्ही पोरींच्या पायांवर टाकला. पण दोन्हीकडच्या मुली एव्हाना इतक्या इरेला पेटल्या होत्या की माघार त्यांनाच मान्य झाली नसती.

या सामन्यासाठी संघाच्या यादीत बारा नावे द्यायची होती. आमची एक मुलगी सुट्टीत नाशिकला मामाकडे गेलेली, म्हणून बाराव्या ओळीत हिचे नाव लिहिले. “नुसते नाव,” असे मी तिला सांगितले आणि तिने मान डोलावली.

सात-सात मिनिटांच्या पाळ्या ठरल्या होत्या. वाडीच्या मुलींनी पहिल्या आक्रमणात 9 गडी टिपले, आम्ही 7. दुसऱ्या डावात त्यांनी आणखी 6 बाद केले. त्यांचे एकूण 15 झाले. म्हणजे शेवटच्या पाळीत आम्हाला बरोबरीसाठी 8 आणि विजयासाठी 9 हवे होते. एव्हाना आमच्या एका मुलीचा घोटा मुरगळला होता, दुसरीच्या अंगठ्याचे नख उचकटले होते, आणि तिसरी पळतीत इतकी दमली होती की तिला उलटी झाली. नऊ जणी उभ्या करायच्या तर यादीतले शेवटचे नाव घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मी तिच्याजवळ कट्ट्यावर जाऊन बसले. कर्णधारही आली. तिने वहीतून डोके वर केले नाही, पण आम्ही का आलो आहोत हे तिला कळले होते.

“मावशी, मी नुसती बसले तर चालेल?” तिने विचारले. “जागा भरायला. पण मला कोणी उठवायचं नाही.”

कर्णधाराने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “नाही उठवणार. तुला खो द्यायचाच नाही, सगळ्यांना सांगते. तू मधे बस.”

तिने ठेवणीतली फ्रॉकसारखी लांब कुर्ती घातली होती. तिच्या बहिणीने ती कमरेला गाठ मारून वर खोचून दिली. तिने चपला कट्ट्याखाली सरळ रेषेत ठेवल्या, वही माझ्या हातात दिली, पेन्सिल वहीच्या आत घातली आणि फक्कीने आखलेल्या रेषांवर पाय पडू न देता ती मधल्या चौरसात जाऊन बसली.

पाळी सुरू झाली. पहिल्या तुकडीच्या तिघी भराभर बाद झाल्या, दुसऱ्या तुकडीला वेळ लागला, पण त्याही गेल्या. तिसऱ्या तुकडीतली पहिली खांबावर सापडली आणि 7 झाले. दोन मिनिटांहून थोडा कमी वेळ उरला होता. उरलेल्या दोघींत एक होती त्यांची कर्णधार, आणि त्या दोघींनी तोपर्यंत हेरले होते की आमच्या मधल्या चौरसातली मुलगी कधी उठत नाही.

खो-खो न खेळलेल्यांना इथे काय झाले ते जरा उलगडून सांगायला हवे. धावणाऱ्या आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारी पाटीच्या पलीकडे गेली की आक्रमकाने त्या बाजूला तोंड असलेल्या एखाद्या बसलेल्या मुलीच्या पाठीशी जाऊन तिला खो द्यायचा, म्हणजे ती पलीकडे उठते. आता पळणारी जर बरोबर मधल्या चौरसासमोर जाऊन उभी राहिली आणि त्या चौरसातली मुलगी उठणारच नसेल, तर आक्रमकाला दोन चौरस पुढे जाऊन दुसरीला उठवावे लागते. तेवढ्यात पळणारीला पाच-सहा पावलांचे अंतर मिळते. तिचा दम परत येतो, आणि ती शांतपणे पुन्हा अलीकडे शिरते. वाडीच्या मुली पुनःपुन्हा तेच करत होत्या. आमच्या मुली धावून धावून थकत होत्या आणि त्या दोघी आळीपाळीने आमच्याच अंगणाच्या मध्यावर विसावा घेत होत्या. कडेला माणसे ओरडायला लागली. “पेली छोकरीने खो आपो ने!” असे कोणी गुजरातीत म्हणाले. आमच्या मुलींनी मात्र दिलेला शब्द पाळला. कोणीही तिच्या पाठीला हात लावला नाही. सामना हातचा जात असताना बारा-तेरा वर्षांच्या पोरींनी तो शब्द पाळला, याचे मोल मला त्या वेळी जितके वाटले त्याहून आज अधिक वाटते.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. पहिल्यांदा ती समोर मातीकडे पाहत बसली होती. मग वाडीच्या कर्णधाराची जोडीदारीण तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन, कमरेवर हात ठेवून, श्वास घेत उभी राहिली तेव्हा तिने मान वर केली. पुन्हा ती मुलगी तिथेच आली. तिसऱ्यांदा ती येण्याच्या बेतात असताना मला दिसले की बसलेल्या मुलीने आपली बैठक बदलली आहे: मांडी किंचित वर उचलली, दोन्ही हातांची बोटे जमिनीला टेकवली, उजवा पाय मागे घेतला. शर्यतीच्या सुरुवातीला धावणारे बसतात ती बैठक. मी तिला ती कधी शिकवली नव्हती. तिने ती पाहून पाहून उचलली होती.

पाठीमागे तिची सख्खी बहीण आक्रमक होती.

“ताई, मला दे,” ती म्हणाली. मान न वळवता, मोठ्याने नाही, पण स्पष्ट.

बहीण क्षणभर अडखळली. मग पाठीवर हात पडला, खो आला, आणि ती उठली. समोरची मुलगी अजून कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने हुलकावणी देण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही, कारण त्या चौरसातून कोणी उठेल अशी तिची कल्पनाच नव्हती. दोन पावले, खांद्याला स्पर्श, पंचांची शिट्टी. 8.

बरोबरी झाली होती आणि अजून पाऊण मिनिट बाकी होते. मैदानात आता त्यांची कर्णधार एकटी, आणि तिच्यामागे आमची ही मुलगी. ज्या नजरांना ती घाबरत होती त्या सगळ्या आता त्या दोघींवर होत्या. ती जिवाच्या आकांताने धावत सुटेल असे मला वाटले होते. तिने तसे केले नाही. पाच-सहा पावले जाऊन तिने खो दिला आणि रिकाम्या चौरसात बसली. पुढच्या पाऊण मिनिटात तिला आणखी दोनदा खो मिळाला. दोन्ही वेळा तिने कर्णधाराच्या मागे न जाता ती कुठे जाणार ते ओळखून तिथल्या मुलीला उठवले. ती वही नुसती भरलेली नव्हती, तिच्या डोक्यात उतरली होती. कर्णधार मात्र खरोखरच फार मोठी खेळाडू होती. शेवटच्या पाच सेकंदांत आमच्या सर्वांत चपळ मुलीने खांबावर सूर मारला तेव्हा तिची बोटे कर्णधाराच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होती. शिट्टी झाली. 15-15.

दोन्हीकडच्या मुली मातीत बसून रडल्या, मग एकमेकींना पाणी दिले, आणि त्या गृहस्थांनी दोन्ही संघांना सेव-उसळ खाऊ घातली. वाडीची कर्णधार मुद्दाम आमच्याकडे येऊन हिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, “मी तुला बघितलंच नव्हतं.” ही लाल झाली आणि उसळीत लिंबू पिळत राहिली. तेव्हापासून आमच्याकडे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार आहे.

काही दिवसांनी मी तिला विचारले की त्या वेळी तिने खो का मागितला. तिने थोडा विचार केला.

“ती माझ्यासमोर येऊन दम घेत होती, मावशी. मी बाहेर असते तर वहीत लिहिलं असतं, की मधला चौरस रिकामा आहे म्हणून ती तिथे थांबते. पण तिथे तर मी बसले होते.”

याहून जास्त तिने काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तिच्या आजीने मात्र त्याच आठवड्यात मला घरी बोलावले, चहा केला, आणि आता हिला पळतीलाही उतरवा, जिल्ह्याच्या निवडीला पाठवा, असा आग्रह धरला. आजींचा मला आदर आहे. त्यांच्या पिढीने नऊवारी नेसून वावरणाऱ्या सासवांच्या घरांतून मुलींना मैदानावर आणले, हे सोपे नव्हते. तरीही मी त्यांना नाही म्हटले. मुलीने एकदा आपण होऊन खो मागितला म्हणजे तिचा सगळा संकोच संपला, असे समजणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. तिने मला आपल्या अटी सांगितल्या आहेत: आक्रमणात बसेन, मधल्या चौरसातच बसेन, पळतीला उतरणार नाही, आणि खो केव्हाही द्या. पहिल्या सामन्यातल्या अटीपेक्षा यात एकच गोष्ट बदलली आहे, आणि तेवढी मला पुरेशी वाटते. पळतीचे पुढे पाहू. आजींना मी म्हटले, “बाराच वर्षांची आहे हो, तिला बसू द्या थोडी.” त्यांनी कपबशी खाली ठेवली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग विचारले की तिला बसायची ती बैठक कोणी शिकवली, कारण उजवा पाय जरा जास्तच मागे जातो, गुरुवारी पाठवून द्या, मी दाखवते.